१५ अँपिअरचा स्विच २ अँपिअरला का जळतो? यंत्रांतल्या छोट्या स्विचांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतजवळ कांद्याची ग्रेडिंग मशीन बनवणारं छोटं वर्कशॉप आहे. पट्टा १८० व्होल्ट डीसी मोटरवर चालतो. पुढचा हॉपर, म्हणजे कांदा साठणारा डबा, भरला की पट्टा थांबावा म्हणून मोटरच्या वायरमध्येच एक मायक्रो स्विच, म्हणजे किंचित दाबाने झटक्यात पलटणारा छोटा स्विच, घातला आहे. मोटर जेमतेम २ अँपिअर घेते, स्विचवर १५ अँपिअर छापलंय, तरी सीझनमध्ये दोन-तीन स्विच जळतात. कधी आतले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, चिकटतात आणि पट्टा थांबतच नाही. दुसऱ्या मशीनवर तोच स्विच कंट्रोलर बोर्डाला सिग्नल देण्यासाठी लावलाय. तिथे तो जळत नाही, पण सिग्नल कधी येतो, कधी येत नाही. दुकानदार म्हणतो, माल डुप्लिकेट आहे, महागातला घ्या. तर दोष कुठे आहे, आणि असे छोटे स्विच किती प्रकारचे असतात, कुठला कुठे वापरायचा?

बाजारात डुप्लिकेट माल आहे, हे खरं. पण तुमच्या दोन्ही मशीनवर अस्सल स्विच लावला तरी हेच होणार. पहिल्या ठिकाणी त्याच्याकडून असं काम करून घेतलं जातंय जे त्याच्या अंगात नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला लागतो तेवढा करंटच मिळत नाही. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनल आणि मशीनचं वायरिंग करताना मी जे स्विच काढून टाकले, त्यांतले बहुतेक याच दोन कारणांनी गेलेले होते. कंपनी बदलून यातलं काही सुटत नाही. स्विच निवडताना सगळ्यात आधी विचारायचं ते हे: हा स्विच नेमकं काय तोडणार आहे? किती व्होल्ट, एसी की डीसी, आणि पलीकडे दिवा आहे, कॉइल आहे, मोटर आहे की नुसता बोर्डाचा सिग्नल? आकार, रंग, लिव्हर, रोलर हे सगळं त्यानंतर.

आधी जळणाऱ्या स्विचचं बघू. स्विच चालू असताना, म्हणजे पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना, १५ अँपिअर त्यातून खुशाल जातील. त्रास होतो तो पॉइंट सुटताना. दोन पॉइंट एकमेकांपासून दूर होतात त्या क्षणी मधे ठिणगी पेटते आणि करंट त्या ठिणगीतून वाहत राहतो. आपल्या ५० हर्ट्झच्या एसी सप्लायमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. म्हणजे ठिणगी फार तर १० मिलिसेकंद टिकते आणि शून्य आलं की विझते. डीसीत शून्य येतच नाही. ठिणगी तोडायची तर पॉइंट पुरेसे लांब न्यावे लागतात, आणि मायक्रो स्विचच्या पॉइंटमधलं अंतर असतं साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. चांदीच्या पॉइंटमध्ये साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअरच्या वर गेलं की ठिणगी तग धरू शकते. तुमच्याकडे १८० व्होल्ट आणि २ अँपिअर आहेत. त्यात मोटर म्हणजे तारेची वेटोळी. करंट तोडला की ती आपली साठवलेली ऊर्जा त्याच ठिणगीत ओतते. प्रत्येक वेळी पॉइंटचं थोडं धातू वितळतं, एका पॉइंटवर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा तयार होतो, आणि एक दिवस ती टेकडी खड्ड्यात अडकून चिकटते. तुमचा पट्टा थांबत नाही तो यामुळे.

हे सगळं स्विचच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, लिहिलेलं असतं, फक्त आपण अंगावरचा मोठा आकडा वाचून थांबतो. नेहमीच्या मोठ्या मायक्रो स्विचच्या एका जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या मॉडेलचे आकडे सांगतो: २५० व्होल्ट एसीला १५ अँपिअर, १२५ व्होल्ट डीसीला अर्धा अँपिअर, २५० व्होल्ट डीसीला पाव अँपिअर. एकच स्विच, एकच पॉइंट! तुमचे १८० व्होल्ट या दोन डीसी आकड्यांच्या मधे पडतात. म्हणजे तुम्ही त्याच्या कुवतीच्या चौपट ते आठपट करंट तोडायला लावताय. त्याच मॉडेलवर मोटरसाठीचा आकडाही वेगळा दिलेला असतो, २५० व्होल्ट एसीला पाव हॉर्सपॉवर. १५ अँपिअरच्या हिशेबाने कुणी त्यावर थेट २ हॉर्सपॉवरची मोटर टाकली तर काय होईल ते उघड आहे.

उपाय असा की मायक्रो स्विच मोटरच्या वायरमधून काढायचा आणि त्याला फक्त हुकूम देण्याचं काम ठेवायचं. डीसी मोटर चालवणाऱ्या बऱ्याच छोट्या ड्राइव्हवर इनहिबिट किंवा एनेबल नावाचे टर्मिनल असतात. ते जोडले किंवा उघडले की ड्राइव्ह स्वतःच मोटरचा करंट बंद करतो, ठिणगी कुठेच पडत नाही. हॉपर दिवसभर भरतो-रिकामा होतो, म्हणजे थांबणं-चालणं सतत आहे. अशा ठिकाणी ड्राइव्हचा एसी सप्लाय कॉन्टॅक्टरने (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) तोडत बसण्यापेक्षा इनहिबिट बरा. पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. स्वस्त ड्राइव्हमध्ये हे छोटे टर्मिनल सप्लायपासून वेगळे केलेले नसतात. दिसायला सिग्नलची बारीक वायर, पण तिच्यावर जमिनीच्या तुलनेत मेनचा व्होल्टेज असतो. ड्राइव्हच्या पुस्तिकेत हे टर्मिनल आयसोलेटेड आहेत असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते जिवंत आहेत असंच धरा आणि मधे रिले (कॉइलने चालणारा छोटा स्विच) टाका. मायक्रो स्विचने रिलेची २३० व्होल्ट एसी कॉइल चालवायची आणि रिलेच्या पॉइंटने इनहिबिट. तुमच्या आत्ताच्याच प्रकारचा चांदीच्या पॉइंटचा मायक्रो स्विच अशी कॉइल वर्षानुवर्षं आरामात ओढेल. कॉइलला आडवा आरसी स्नबर लावलात, म्हणजे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकामागे एक, तर आणखी चांगलं. कपॅसिटर मात्र मेन सप्लायला आडवा लावण्यासाठीचा एक्स-टू दर्जाचाच हवा. कॉइल डीसीची असेल तर स्नबरऐवजी उलटा डायोड, नेहमीचा १एन४००७ पुरतो.

आता दुसरी मशीन, जिथे सिग्नल येतो-जातो. दुकानदार, वायरमन, कधी कधी इंजिनिअरही इथे चकतात, कारण प्रत्येकाला वाटतं की स्विच मोठा म्हणजे छोट्या कामाला भरवशाचा. १५ अँपिअरच्या स्विचचे पॉइंट चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. चांदीवर हवेत एक बारीक थर चढतो. मोठा करंट आणि थोडीशी ठिणगी असली की तो थर दर वेळी जळून साफ होतो. तुमच्या बोर्डाचा इनपुट मात्र ५ व्होल्टवर एखादा मिलीअँपिअर घेतो. एवढ्याशा करंटला तो थर फोडता येत नाही. पॉइंट यांत्रिकदृष्ट्या टेकलेले असतात, पण वीज पलीकडे जात नाही. म्हणूनच डेटाशीटमध्ये कमाल करंटसारखा किमान करंटही दिलेला असतो. साध्या चांदीच्या मायक्रो स्विचला ५ व्होल्टवर १६० मिलीअँपिअर हवेत, असं अनेक डेटाशीट सांगतात. त्याच आकारात सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटचा मायक्रो-लोड स्विच मिळतो, तो १ मिलीअँपिअरलाही चालतो.

आणि हे कांद्याचं शेड आहे, हे विसरू नका. कांद्यात गंधकाची संयुगं असतात, सडू लागलेल्या कांद्यातून तर ती जास्तच सुटतात. गंधक आणि चांदी एकत्र आले की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. घरातले पैंजण काळे पडतात तो हाच थर. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत भुरीसाठी गंधकाची धुरळणी होते, पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड ठेवतात. त्या सगळ्या हवेत चांदीच्या पॉइंटला हाच त्रास होतो. एखाद्या पॅकहाउसमधला स्विच उघडला की पॉइंटवर निळसर-काळी झाक दिसते, जळाल्याची एकही खूण नसते, प्लास्टिक नव्यासारखं असतं, स्प्रिंग टकटक वाजते, आणि तरी सिग्नल गायब. असा स्विच हातात आला की समजायचं की करंट कमी पडला आणि हवा वाईट होती.

यावर तीन मार्ग आहेत, त्यातला पहिला मला सगळ्यात जास्त पटतो. तुमच्या हॉपरवर लोखंडी झडप हलते, तर तिथे स्विचच नको, इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर लावा. १२ किंवा १८ मिलिमीटर थ्रेडचा, २४ व्होल्ट डीसी, तीन वायरचा. त्यात पॉइंटच नाहीत, म्हणून काळं पडायला काही नाही. घेताना बोर्डाला पीएनपी (सिग्नल प्लसला जोडणारा) लागतो की एनपीएन (मायनसला जोडणारा) ते बघून घ्या. तो फक्त धातू ओळखतो. झडपेशिवाय थेट कांदाच ओळखायचा असेल तर कपॅसिटिव्ह सेन्सर लागेल, पण त्यावर ओली माती बसली तर तोही फसतो, म्हणून झडपच बरी. दुसरा मार्ग, सोन्याच्या मुलाम्याचा, सील केलेला, धूळ-पाणी आत न घेणारा आयपी६७ दर्जाचा मायक्रो स्विच. तिसरा, बोर्डाचा इनपुट ५ ऐवजी २४ व्होल्टचा करून करंट ८-१० मिलीअँपिअरपर्यंत नेणं. यानेही फरक पडतो, कारण थर फोडायला व्होल्टेजची मदत होते. मात्र गंधकाच्या हवेत एवढ्यावर विसंबू नका. सोन्याच्या पॉइंटवर एक बंधन आहे: त्याने एकदा जरी मोठी कॉइल किंवा दिवा तोडला, तरी ठिणगीने मुलामा उडतो आणि खालची चांदी उघडी पडते. मग तो सिग्नलसाठी निकामी. म्हणून टेस्ट लॅम्प लावून तपासायची सवय असेल तर सोन्याच्या पॉइंटवर ती मोडा.

बोर्डाच्या बाबतीत आणखी एक. कुठल्याही यांत्रिक स्विचचे पॉइंट टेकताना काही मिलिसेकंद उड्या मारतात. बोर्ड वेगवान असतो, त्याला एका दाबण्यात पाच-सहा दाबणं दिसतात. गोण्या मोजणाऱ्या मशीनवर जास्तीचे आकडे येतात ते बहुतेक यामुळेच. प्रोग्राममध्ये १० ते २० मिलिसेकंद थांबून परत वाचायला सांगा, हा प्रश्न तिथेच संपतो.

आता प्रकार. पुस्तकात यांची लांब यादी मिळते, पण कामाच्या दृष्टीने त्यांतले थोडेच नीट कळले तरी निभावतं.

आधी दोन-तीन अक्षरं. एका हालचालीने किती वेगवेगळ्या वायरी तुटतात ते पोल, आणि प्रत्येक वायर किती जागी जोडता येते ते थ्रो. जिन्याचा दिवा वर-खाली दोन्हीकडून लागतो तो सिंगल पोल टू-वे. कॉमन, एनओ (एरवी तुटलेला, दाबला की जोडणारा) आणि एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) हे तीन पाय असलेला मायक्रो स्विचही त्याच जातीचा. डबल पोल डबल थ्रोचे सहा पाय, आडव्या वायरी मारल्या की डीसी मोटर उलटी फिरते. असा स्विच मधे बंद असणाराच घ्या, आणि मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटा मारू नका. फिरत्या मोटरचा स्वतःचा व्होल्टेज तेव्हा सप्लायच्या मदतीला येतो आणि करंट भडकतो.

टॉगल म्हणजे दांडीचा, रॉकर म्हणजे झुलत्या बटणाचा. दोघांचं काम तेच, चालू-बंद. टॉगल हातमोज्यातही चालवता येतो आणि लांबून दिसतो, म्हणून पॅनल आणि ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर बरा. रॉकर फिटिंगला सोपा, आत दिवा असतो, मिक्सर, पाण्याचे फिल्टर, बॅटरीचे फवारणी पंप यांवर तोच असतो. फवारणी पंपाचा रॉकर आमच्याकडे फार जातो. कारण १२ व्होल्ट म्हणून कुणी त्याला गांभीर्याने घेत नाही, पण पलीकडे मोटर आहे आणि वरून औषधाचं पाणी. तिथे रबरी टोपी घाला आणि डीसीचा आकडा वेगळा छापलेला स्विच घ्या. ज्यावर डीसीचा आकडाच नाही, तो डीसीसाठी नाही असं समजायचं.

पुश बटण दोन तऱ्हेचं: दाबलं तेवढंच चालणारं आणि दाबलं की अडकून राहणारं. आपल्या बोअरवेलच्या स्टार्टरवर हिरवं आणि लाल दोन्ही पहिल्या जातीचे आहेत. हिरवं एनओ, लाल एनसी. हिरवं दाबलं की कॉइल ओढते, आणि कॉन्टॅक्टरचाच एक जादा पॉइंट हिरव्या बटणाला आडवा बसून कॉइल धरून ठेवतो. लाईट गेली की कॉइल सुटते आणि परत आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही, ती या रचनेमुळे. रात्री-अपरात्री लाईट येते म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात, तो नेमकं हे संरक्षण बाजूला करतो. त्यामुळे ऑटो लावलेल्या पंपावर हात घालण्याआधी मेन कटआउट काढूनच ठेवायचा. तुमच्या ग्रेडिंग मशीनवर तर ऑटो कधीच नको. लाईट आल्यावर कुणाचा हात पट्ट्यात असताना मशीन सुरू झालं तर भरून न येणारी इजा होईल.

फिरवायचे स्विच म्हणजे सिलेक्टर आणि रोटरी. पॅनलवरचा ऑटो-ऑफ-मॅन्युअल, मिक्सरचा वेग बदलणारा. सरकवायचा स्लाइड स्विच खेळणी, रेडिओ, टॉर्च यांत असतो, त्याची झेप अर्ध्या अँपिअरच्या आसपास, मेन सप्लायच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही. डीआयपी स्विच ही बोर्डावरची नखाएवढी पट्टी, पत्ता किंवा सेटिंग ठरवायला. तो बदलायचा तर सप्लाय बंद करून, कारण बरेचसे बोर्ड चालू होतानाच ती पट्टी वाचतात. टॅक्ट स्विच म्हणजे रिमोटच्या आत किंवा वॉशिंग मशीनच्या बोर्डावर टिकटिक करणारं ६ मिलिमीटरचं चौकोनी बटण. १२ व्होल्ट, ५० मिलीअँपिअर, बस्स. त्याची तक्रार जवळजवळ नेहमी ओलाव्याची असते. पावसाळ्यात वॉशिंग मशीन स्वतःहून प्रोग्राम बदलायला लागलं तर बोर्ड टाकून देण्याआधी हे चार-पाच रुपयांचे टॅक्ट बदलून बघा.

रीड स्विच मला फार आवडतो. काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या, बाहेरून चुंबक आला की टेकतात. हवा, धूळ, गंधक काहीच आत जात नाही. बेल लॅबमधल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली हा काढला आणि आजही हवेच्या सिलेंडरवरचे सेन्सर, दरवाज्याचे अलार्म, टाकीतली पातळी दाखवणारे फ्लोट यांत तो आहेच. पण नाजूक आहे. दिवा किंवा एसएमपीएस (चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक सप्लाय) थेट त्यावर टाकला तर सुरुवातीच्या झटक्यालाच पात्या चिकटतात. साधा तारेचा दिवा थंड असताना चालू करंटच्या दहा-पंधरा पट ओढतो, आणि एसएमपीएसमधला मोकळा कपॅसिटर त्याहून वाईट.

पाण्याच्या टाकीतला लोंबकळता फ्लोट स्विच म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यात बसवलेला मायक्रो स्विचच. १ हॉर्सपॉवरची घरगुती मोटर चालताना ५-६ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तिला थेट फ्लोटवर टाकलं की तो काही महिन्यांत जातो, आणि तो टाकीत चिकटतो तेव्हा पाणी गच्चीवरून वाहतं. फ्लोटने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टरने.

आणि मायक्रो स्विच. १८८४ साली न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी दिव्याच्या स्विचमध्ये स्प्रिंग घालून पॉइंट झटक्यात उघडायची युक्ती केली, म्हणजे बोट कितीही सावकाश हललं तरी ठिणगी कमी. मायक्रो स्विचमध्ये तीच गोष्ट बारीक पत्तीने होते. १९३२ साली अमेरिकेत फ्रीपोर्टला त्याचं पहिलं स्वतंत्र रूप आलं. प्लंजर, म्हणजे वरचं दाबायचं टोक, केसभर हलला की पत्ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडी मारते, आणि दर वेळी जवळपास त्याच जागी मारते. हाच गुण यंत्राला हवा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार यासाठी बघण्यासारखं आहे. त्यात सहसा असे तीन स्विच असतात: दोन दार उघडताच सप्लाय तोडतात, आणि तिसरा त्यांच्यावर पहारा ठेवतो. दार उघडलं आणि आधीचे स्विच चिकटून राहिले, तर तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून ज्या ओव्हनचा फ्यूज दार उघडताच जातो, त्यात नुसता फ्यूज बदलून देणारा मेकॅनिक धोका घरात परत पाठवतो. तिथे दाराचे स्विच तपासलेच पाहिजेत. तेही ज्याला ओव्हनच्या आतला उच्च दाबाचा कपॅसिटर नीट उतरवता येतो त्यानेच.

मशीनवर मायक्रो स्विच बसवताना लोक करंटइतकंच बसवणीत चुकतात. स्विचला अडथळा म्हणून वापरू नका. झडपेला थांबवायला वेगळा लोखंडी थांबा हवा, स्विच फक्त जाणीव द्यायला. प्लंजर अगदी टोकापर्यंत ठेचला जाऊ नये आणि जेमतेम उडी मारेल एवढ्यावरही सोडू नये. उडी मारल्यावर पुढे जी मोकळी हालचाल उरते तिच्या साधारण मध्यावर थांबेल असं लावा. रोलर लिव्हरवर येणारा कॅम, म्हणजे लिव्हर दाबणारा यंत्राचा भाग, उभा धडकता कामा नये, उताराने चढावा. वायर खालून वळसा घेऊन आत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून स्विचमध्ये उतरत नाही. जिथे ठोकर बसते, पाणी उडतं, तिथे उघडा मायक्रो स्विच नकोच. त्याच्यावर धातूचं कवच आणि ग्लँड (वायर घट्ट धरणारं तोंड) असलेला लिमिट स्विच येतो, तो घ्या.

आपत्कालीन स्टॉप बटणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पट्ट्याच्या मशीनवर ते असलंच पाहिजे, म्हणून लिहितो. पिवळ्या पाठीवर लाल छत्रीचं, दाबलं की अडकणारं, फिरवून सोडायचं. पॉइंट एनसीच हवा, आणि तोही स्प्रिंगच्या जोरावर उघडणारा नको, बटणाच्या दाबानेच जबरदस्तीने उघडणारा हवा. अंगावर वर्तुळातल्या बाणाची खूण असते ती याचीच. एनसी का, तर वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, उंदराने कुरतडलं, तरी मशीन थांबेल. एनओ लावलं तर तुटलेली वायर नेमकी संकटाच्या वेळी कळते. हे बटण कॉन्टॅक्टरची कॉइल थेट तोडणारं असावं, फक्त बोर्डाला निरोप देणारं नाही, आणि तो कॉन्टॅक्टर ड्राइव्हच्या एसी सप्लायवर हवा. नुसता इनहिबिट यासाठी चालत नाही. आणि बटण सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, हिरवं पुन्हा दाबावंच लागलं पाहिजे.

आता खरेदी करताना स्विचच्या पोटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायला शिका. उपकरणांच्या स्विचवर उदाहरणार्थ १६(४) अँपिअर २५० व्होल्ट, टी१२५, ५ई४ आणि ग्रीक म्यू असं छापलेलं असतं. १६ हा हीटरसारख्या साध्या लोडसाठी, कंसातला ४ मोटरसारख्या लोडसाठी. मोटर असेल तर १६ विसरायचे. टी१२५ म्हणजे १२५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या जागेत चालेल. ५ई४ म्हणजे ५ वर चार शून्यं, ५०,००० वेळा चालू-बंद. म्यू म्हणजे पॉइंटमधलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा कमी आहे, हा स्विच बंद करून आत हात घालायचा नाही. सप्लाय खरोखर तोडायला वेगळा मेन स्विच हवा. औद्योगिक पुश बटणाच्या ब्लॉकवर एसी-१५ आणि डीसी-१३ असे दोन आकडे शोधा, ते कॉइल तोडण्यासाठीचे खरे आकडे. त्याच ब्लॉकवर १० अँपिअर मोठ्या अक्षरांत असेल तर तो नुसता वाहून नेण्याचा आकडा आहे.

जुना स्विच तपासताना मल्टिमीटरच्या बीपवर भरवसा ठेवू नका. बीप अगदी थोड्या करंटवर वाजते आणि वीस-तीस ओहम असले तरी बऱ्याच मीटरवर वाजतेच. लोड चालू ठेवून पॉइंटच्या दोन पायांवर मिलिव्होल्ट मोजा. ५ अँपिअर जात असताना ५० मिलिव्होल्ट आले तर १० मिलीओहम, स्विच ठणठणीत. ५०० आले तर आत अडीच वॅट उष्णता तयार होतेय, प्लास्टिक मऊ व्हायला वेळ लागणार नाही. मोजताना मशीन चालू आहे हे लक्षात ठेवा: प्रोबच्या टोकांना इन्सुलेशन, एक हात खिशात, आणि मीटरचा दर्जा सप्लायला साजेसा. पॉइंट पॉलिश पेपरने घासून परत वापरू नका. चांदी कमी होते, पेपरचे कण रुततात, आणि सोन्याचा मुलामा तर पहिल्याच फेऱ्यात जातो. कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे दिसले म्हणूनही घासायचे नाहीत. ठिणगीने चांदी काळवंडतेच आणि एवढ्या करंटला ते अडत नाही.

तुमच्या दोन मशीनसाठी घ्यायचं ते असं. पहिलीसाठी २३० व्होल्ट एसी कॉइलचा छोटा प्लग-इन रिले, ड्राइव्हचा इनहिबिट बारीक करंटचा असतो म्हणून सोन्याच्या मुलाम्याच्या पॉइंटचा, सोबत बेस आणि स्नबर. मायक्रो स्विच आत्ताच्या मापाचाच, पण नवा, कारण जुन्याचे पॉइंट आधीच खराब झालेत. दुसरीसाठी १८ मिलिमीटरचा इंडक्टिव्ह सेन्सर. झडपेपासून अंतर त्याच्या सेन्सिंग अंतराच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवा, म्हणजे माती बसली, पट्टा थोडा हलला तरी चुकणार नाही. मायक्रो स्विचसाठी दाबून बसवायचे लग ४.८ चे की ६.३ मिलिमीटरचे ते स्विचच्या पायावर मोजून घ्या. ढिला बसलेला लग जळलेल्या पॉइंटइतकाच तापतो आणि दोष स्विचवर येतो. दुकानात जाताना जळलेला स्विच दाखवून “असाच द्या” म्हणू नका. “१८० व्होल्ट डीसी नाही, २३० व्होल्ट एसीची कॉइल तोडायची आहे” असं सांगा आणि डब्यावरचा मॉडेल नंबर लिहून घेऊन त्याची डेटाशीट फोनवर उघडून बघा. एनओ-एनसीच्या पुढे डीसीचा आणि किमान करंटचा आकडा सापडला नाही, तर दुसरा माल मागा.